६२ आमदारांना, बापूजी अण्यांच्या वणीहून

प्रति,
विदर्भातून विधानसभेवर निवडून गेलेले सर्व ६२ सन्माननीय सदस्य

आदरणीय आमदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, होऊन पंधरवडा झाला. पहिल्या वेच्याचा कापूस घरात पडून आहे, तूर फुलावर आली आहे, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तयारीच्या बातम्या पेपरात यायला लागल्या आहेत. मी वणी तालुक्यातला निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं, आता वडिलांनी ठेवलेलं वावर करतो. कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. अधिवेशनाच्या आधी तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. विषय आहे लोकनायक बापूजी अणे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० ला आमच्या वणीत झाला. तेव्हा आख्ख्या जिल्ह्यालाच वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांच्या तसबिरीला हार घातला असेल. काहींनी भाषणंही केली असतील. त्या भाषणांत 'थोर देशभक्त' आणि 'विदर्भाचे सुपुत्र' हे दोन शब्द हमखास असतात. मीही शाळेत वर्षानुवर्षं तेच दोन शब्द मुलांना दिले, म्हणून मी कोणाला बोल लावत नाही. पण ज्या कारणासाठी हा माणूस आठवावा, ते कारण त्या दोन शब्दांत येत नाही. ते कारण तुमच्या कामाशी जोडलेलं आहे. तुम्ही सभागृहात बसता, आणि बापूजींनी आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षं सभागृहं, समित्या आणि मंत्रिपदासारखी पदं यांतच घालवली.

आधी गवताची गोष्ट सांगतो, कारण माझ्यापर्यंत बापूजी पहिल्यांदा तिथूनच आले.

माझं आजोळ पुसदकडचं. आजीचा भाऊ गावची ढोरं चारायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. जंगल राखीव झालं तेव्हापासून नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, ढोरं पकडायचा, कोंडवाड्यात घालायचा, दंड भरेपर्यंत सोडायचा नाही. हे सगळं सांगून झालं की तो म्हणायचा, "मंग अणे वकील आले अन् सरकारचं गवत कापलं." एवढंच. महात्मा गांधी, काँग्रेस, स्वराज्य, यातलं काहीच तो बोलायचा नाही. गवत कापलं, हीच त्याच्यासाठी स्वातंत्र्याची चळवळ होती.

१९३० साल. गांधीजी दांडीला गेले, देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आमच्याकडे समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारं पाणी आटवून लोकांनी मीठ काढलं, तो एप्रिल महिना होता. पण यवतमाळ, पुसद, वणी हा सगळा भाग जंगलाचा. इथल्या माणसाला सरकार भेटायचं ते मिठाच्या करातून कमी आणि चराईच्या पासातून, लाकडाच्या मोळीतून, गवताच्या भाऱ्यातून जास्त. बापूजींनी हे ओळखलं. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी स्वतः विळा घेऊन गवत कापलं आणि अटक करून घेतली. वय पन्नाशीला टेकलेलं, यवतमाळातली चालती वकिली, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात काम केलेलं, वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद जवळपास दहा वर्षं सांभाळलेलं. असा माणूस पावसात उभा राहून गवत कापतो, याचा परिणाम काय झाला असेल हे ढोरं चारणाऱ्याच्या त्या एका वाक्यावरून मला कळतं. त्याच महिन्यात २१ जुलैला डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा होऊन ते अकोल्याच्या तुरुंगात गेले.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं. बाहेर ठरलेली चळवळ त्यांनी जशीच्या तशी इथे आणून लादली नाही. इथल्या माणसाला कुठे टोचतं ते पाहिलं आणि चळवळ तिथे नेली. आणि हा माणूस क्रांतिकारक वगैरे नव्हता, हे तर अजूनच लक्षात घेण्यासारखं आहे. स्वभावाने, विचाराने, राहणीने ते परंपरेला धरून चालणारे होते. टिळकांचे पक्के अनुयायी. धर्मावर श्रद्धा, संस्कृतवर प्रभुत्व, कायद्यावर विश्वास, आणि एका रात्रीत सगळं उलथून टाकू म्हणणाऱ्यांविषयी शंका. आजच्या भाषेत त्यांना उजवे म्हणतील, पुराणमतवादीही म्हणतील. म्हणोत. त्या पुराणमतवादी माणसाला जंगलावरचा गावाचा जुना हक्क हा जपण्यासारखा वारसा वाटला, आणि तो हिरावणारा कायदा त्याने मोडला. वनहक्काचा कायदा २००६ मध्ये झाला, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे पास आले, तेव्हा मला आजीच्या भावाची फार आठवण आली. मारेगाव आणि झरी जामणीच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, आजही वनहक्काचे कागद घेऊन फिरणारी माणसं आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या मतदारसंघात जंगल आहे, त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आता त्यांच्या मतभेदांकडे येतो. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराचा ठराव पक्का झाला. त्याच्या काही महिने आधी, १ ऑगस्टला, टिळक गेले होते. कौन्सिलांवर बहिष्कार टाकणं बापूजींसारख्या टिळकभक्तांना पचणारं नव्हतं. जे पद मिळेल ते घ्यावं, त्याचा लोकांसाठी उपयोग करावा, आणि उपयोग होत नसेल तर सरकारला तिथेच अडवावं, अशी त्यांची धारणा. प्रतियोगी सहकारिता म्हणतात ती हीच. १९२६ मध्ये न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्यासोबत ते या धारणेच्या पक्षात उभे राहिले. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली देशाच्या राज्यघटनेचा आराखडा करायला समिती बसली. तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस, ना. म. जोशी यांच्यासोबत वणीचा हा माणूस तिथे होता. आणि १९३० आलं तेव्हा गांधीजींशी मतभेद असलेला हाच माणूस गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेला. १९३३ मध्ये तर बाकी नेते तुरुंगात असताना काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष तेच होते. सामुदायिक सत्याग्रह थांबवल्याची घोषणा करण्याचं अवघड काम त्यांच्या वाट्याला आलं.

पुढच्याच वर्षी ते काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे राहिले. ब्रिटिश पंतप्रधानांनी १९३२ मध्ये जातीय निवाडा दिला होता, धर्माधर्मानुसार वेगळे मतदारसंघ. दलितांपुरता प्रश्न त्याच सप्टेंबरात पुणे करारानं वेगळ्या वाटेला लागला होता. उरलेल्या निवाड्याबद्दल काँग्रेसनं ठरवलं की तो स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजी म्हणाले, हे चालणार नाही. चूक असेल तर चूक म्हणा. दोघांनी राजीनामे दिले, १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला आणि निवडणूक लढवली. देशभरात त्यांना फार जागा मिळाल्या नाहीत. पण 'ना होकार ना नकार' ही जागा त्यांना बसण्यासारखी वाटली नाही, आणि ते त्यांनी उघड सांगितलं.

या सगळ्यात त्यांचं प्रत्येक मत मला पटतं असं मी म्हणणार नाही. मी ज्या वर्गांत शिकवलं, तिथे निम्मी मुलं अशा घरांतून यायची जिथे देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांची तसबीर होती. टिळकांच्या पठडीतल्या नेत्यांनी सामाजिक प्रश्नांवर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललं नाही, हे त्या मुलांच्या आईवडिलांकडून मी ऐकलेलं आहे आणि ते खोटं नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसानं परंपरेतल्या अन्यायाचा हिशोबही मांडायला हवा. बापूजींच्या बाबतीत तो हिशोब मला अपुरा दिसतो. तरीही मी त्यांना मानतो, आणि का मानतो ते चिमूरच्या गोष्टीवरून सांगता येईल. ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत कोणी सांगत नाही.

जुलै १९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशांतल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे आलं. वर्षभरात 'चले जाव' आलं. काँग्रेसचे सगळे नेते आत, आणि बापूजी सरकारात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, चिमूर पेटलं. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याच्या पुढे चिमूर. म्हणजे हे घरच्या अंगणात घडत होतं. त्यानंतर सैन्य आलं, आणि गावातल्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले ते इथे लिहवत नाहीत. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. कोणाच्या दारात? बापूजींच्या. तुम्ही विदर्भाचे, तुम्ही सरकारात आहात, चिमूरच्या अत्याचारांची चौकशी करायला लावा, अशी त्यांची मागणी होती. ते तिथेच उपोषणाला बसले. ते उपोषण पुढे सेवाग्रामला चालू राहिलं आणि त्रेसष्ट दिवसांनी, जानेवारी १९४३ मध्ये, सुटलं. सरकारातल्या बापूजींना ती चौकशी मिळवून देता आली नाही.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस मला चैन पडलं नाही. आपल्या माणसाच्या दारात आपला माणूस उपाशी बसला, आणि आतला माणूस काही करू शकला नाही. बापूजींच्या मोठेपणात हा डाग आहे. तो पुसायचा प्रयत्न मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नये. सत्तेत राहून आतून काम करता येतं ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा त्या दारात कमी पडली.

पुढे काय झालं तेही पाहा. १० फेब्रुवारी १९४३ ला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. १७ फेब्रुवारीला बापूजींनी राजीनामा दिला. त्यांच्यासोबत होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार. ज्या गांधींशी त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी त्या काळातलं हिंदी माणसाला मिळू शकणारं सर्वांत वरचं पद सोडलं. भन्साळींच्या उपोषणानं त्यांच्या मनात आधीच काही हललं होतं का, हे माझ्या मनात अनेकदा येतं. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. माणूस म्हणून मला तसं वाटतं, एवढंच.

तुम्ही सगळे पदाचे अर्थ माझ्यापेक्षा चांगले जाणता. मला एवढंच म्हणायचं आहे, की पद घेताना त्यांनी कारण सांगितलं आणि सोडतानाही कारण सांगितलं. त्यांनी कोणती बाजू घेतली होती हे त्यांच्या प्रत्येक वळणावर आजही सांगता येतं.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ ते जून १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. तिथून परत आले तेव्हा सत्तरी ओलांडली होती. इतर कोणी असता तर संस्कृतचे ग्रंथ घेऊन घरी बसला असता, आणि बापूजींना तर ती गोडी होतीच. टिळकांचं चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिलं. 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या त्या ग्रंथाला त्यांच्या मागे १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ते घरी बसले नाहीत. राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, तेव्हा बापूजी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाचं निवेदन आयोगापुढे मांडलं. १९५५ मध्ये आयोगाचा अहवाल आला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य करावं, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. देशाच्या आयोगानं केलेली, छापील. ती अंमलात आली नाही. १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

१९५९ मध्ये नागपूर लोकसभेची पोटनिवडणूक लागली. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस, माजी राज्यपाल, विदर्भाच्या प्रश्नावर मतं मागायला उभा राहिला आणि निवडून आला. १९६२ मध्ये पुन्हा उभा राहिला, अपक्ष, आणि पुन्हा निवडून आला. तेव्हा त्यांचं वय ८१ होतं आणि समोर काँग्रेसचा भर ओसरायचा होता. विदर्भाच्या राजकारणावर त्यांचा ठसा आहे तो मला इथे दिसतो. त्यांच्यानंतर जांबुवंतराव धोटे याच प्रश्नावर उठले, आणि १९७१ मध्ये नागपुरातूनच लोकसभेत गेले. अण्यांशी त्यांचा स्वभाव, विचार, भाषा काहीच जुळत नव्हतं. प्रश्न तेवढा एक होता. पुढे बापूजींचे नातू अॅड. श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते आणि वेगळ्या राज्याच्या मतावरून वाद झाला तेव्हा मार्च २०१६ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. डावे, उजवे, शेतकरी संघटनावाले, सगळ्यांनी हा प्रश्न कधी ना कधी हातात घेतला. निवडणुकीच्या आधी घेतला आणि नंतर खाली ठेवला, असंही पुष्कळदा झालं.

म्हणून मी तुम्हा ६२ जणांना लिहितो आहे.

मी स्वतः विदर्भवादी आहे, हे लपवत नाही. पण या पत्रात मी तुमच्याकडे वेगळं राज्य मागत नाही. संयुक्त महाराष्ट्रावर मनापासून प्रेम करणारी माणसं विदर्भात पुष्कळ आहेत. माझा सख्खा धाकटा भाऊ त्यातला आहे. दर पोळ्याला जेवायच्या पाटावर आमचा वाद होतो आणि वहिनी दोघांनाही गप्प करतात. त्याचं म्हणणं त्याच्याकडे कारणांसह आहे, माझं माझ्याकडे. मला हवं आहे ते एवढंच, की माझ्या आमदाराचं म्हणणं मला कळावं. कारणांसह, सभागृहाच्या नोंदीत.

गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या बहुतेकांना मी कुठे ना कुठे ऐकलं आहे. वणीच्या सभेत, यवतमाळच्या शेतकरी मेळाव्यात, टीव्हीवर. प्रश्न निघाला की उत्तर येतं, "योग्य वेळी भूमिका घेऊ." "जनतेची भावना पक्षश्रेष्ठींना कळवली आहे." १९३४ च्या त्या ठरावाची मला आठवण होते. होकार नाही, नकारही नाही. आणि हे सांगताना व्यासपीठावर मागे बापूजींचा फोटो असतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी नेत्यांनी केलेला नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात व्हावं, हे त्यात आहे. खर्च आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात मिळाव्यात, हेही त्यात आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मोजला. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) खाली वैधानिक विकास मंडळ आलं, आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली, कारण साथ होती. ते समजण्यासारखं आहे. पण अधिवेशन नागपुरात होतं तेव्हा तरी विदर्भासाठी काय होतं? शेवटच्या आठवड्यात विदर्भावर चर्चा लागते, बाकं अर्धी रिकामी असतात, मंत्री उत्तर देतात, विमानं सुटतात. माझ्या वर्गातली मुलं सहलीला विधानभवन पाहून आली होती. त्यातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, आपल्यावर बोलत होते तेव्हा लोक उठून का गेले?" मी तिला काय सांगायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा.

तर माझी विनंती अशी. या अधिवेशनात एक पूर्ण दिवस मागून घ्या. ६२ जणांनी मिळून मागितला तर तो नाकारणं कोणत्याही सरकारला जड जाईल. त्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून, पाच मिनिटं का होईना, स्वतःचं मत सांगावं. वेगळं राज्य हवं की नको. हवं असेल तर कशासाठी. नको असेल तर मग नागपूर करारातलं काय आणि कसं मिळवून देणार. पक्षाचा आदेश वेगळा असेल तर तो वेगळा आहे, हेही सांगा. १९३४ मध्ये बापूजींनी आपल्या पक्षाला तेच सांगितलं होतं. वणीचा आमदार यवतमाळ जिल्ह्याचा, पण वणी लोकसभेला चंद्रपुरात. त्यामुळे आमचं दुखणं दोन जिल्ह्यांच्या मध्ये नेहमी हरवतं. आमच्यासारख्या कडेच्या तालुक्यांना तर ही नोंद फार गरजेची आहे. कोळशाच्या खाणींनी उपसलेल्या जमिनी, धुळीनं काळा पडलेला कापूस, वर्धा आणि पैनगंगेच्या काठावर बॅकवॉटरनं दरवर्षी बुडणारं सोयाबीन, हे सगळं त्या एका दिवसात येऊ द्या.

दुसरी विनंती छोटी आहे. बापूजींची लोकसभेतली आणि जुन्या मध्यवर्ती कायदेमंडळातली भाषणं इंग्रजीत आहेत. त्यांतली निवडक भाषणं, आणि आयोगापुढचं ते निवेदन, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून मराठीत छापून घ्या आणि विदर्भातल्या प्रत्येक गावच्या वाचनालयात एक प्रत पाठवा. मी आमच्या वाचनालयात शोधली, मिळाली नाहीत. चिमूरच्या वेळी ते सरकारात होते, हेही त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहा. मुलांना पूर्ण माणूस भेटू द्या; अर्ध्या माणसाची पूजा करायला लावलं की मोठी झाल्यावर ती सगळंच फेकून देतात, हे शिक्षक म्हणून मी पाहिलेलं आहे.

पुसदच्या जंगलात गवत जिथे कापलं तिथे एखादी खूण असावी, असंही मनात येतं. पुतळा नको. शिळा पुरे, आणि तिच्यावर त्या दिवशी काय झालं ते चार ओळींत. नाकेदार, कोंडवाडा, दंड हे शब्द त्यात असावेत, म्हणजे आमच्या आजोळच्या माणसांना ती आपली वाटेल.

बापूजी गेले २६ जानेवारी १९६८ ला, पुण्यात. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे त्यांची पुण्यतिथी झेंडावंदनाच्या गडबडीत दरवर्षी राहून जाते. अधिवेशन डिसेंबरात संपेल आणि महिनाभरात तो दिवस येईल. झेंडावंदन झालं की मी आणि गावातली दोन-चार जुनी माणसं वणीला त्यांच्या तसबिरीपुढे जातो, दहा-पंधरा मिनिटं बसतो, कोणी एक जण त्यांच्याबद्दल काही वाचतो. या वेळी तुमच्या ६२ भाषणांची नोंद वाचायची माझी फार इच्छा आहे. विधिमंडळाच्या कामकाजाची छापील प्रत आपल्यापैकी कोणीही माझ्या आमदारांच्या हाती दिली, तरी ती माझ्यापर्यंत येईल.

आपला नम्र,
वणी तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक आणि कास्तकार